बोलाशाच्या नावावर

७ नोव्हेंबर

एर्मलिंडा,

एकच विचारायचं आहे. हो किंवा नाही एवढंच कळव, पोस्टकार्डावर मावेल. ऑफिसात तू सांगितलंस का?

मायना कोरडा वाटेल. शाळेतल्या हजेरीसारखं पूर्ण नाव घातलं आहे, मला दिसतं आहे ते. पण सहा वर्षांत तुझी एक ओळ नाही, माझीही नाही, तेव्हा 'लाडक्या बहिणीस' असं लिहायला हात धजत नाही. आणि आईने ठेवलेलं 'लिंडा' हे नाव मी हल्ली तुझ्यासाठी वापरत नाही.

झालं ते असं. सोमवारी सकाळी दारावर टकटक झाली. धुकं इतकं होतं की पायरीवर कोण उभं आहे ते खोकल्यावरून ओळखलं. व्हर्ना. आपल्या चाकांवरच्या घरांच्या वसाहतीची मॅनेजर, भाड्याची पावती सोडून दुसऱ्या कशासाठी जी कधी दारात येत नाही, ती.

"मेना, जरा बोलाशाची जीभ बघू."

"जीभ? कशाला?"

"सहज."

"सहज कुणी कुत्र्याची जीभ बघतं का? घसा दुखतोय म्हणाली का ती तुम्हाला?"

"टोकाशी एक काळा डाग होता ना तिच्या? तेवढाच बघायचा होता."

मी म्हटलं ती झोपली आहे. नेमकी त्याच वेळी ती दारामागून भुंकली. व्हर्ना म्हणाली, "झोपेत भुंकते वाटतं हल्ली. वय झालं." आणि गेली. जाताना मागे वळून म्हणाली, "मालक कंपनीचा माणूस येणार आहे. सगळ्या जनावरांचे जुने फोटो लावून बघणार आहे. विचार करा."

आता तूच सांग, मी काय विचार करायचा? त्या काळ्या डागाबद्दल जगात तिघींनाच माहीत होतं. आई, तू आणि मी. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तिच्या पिल्लूपणी आपण तिघींनी तो डाग शाई समजून पुसायला घेतला होता, आठवतं? आई तर आता सेंट ब्रिजिड चर्चच्या मागे मातीत आहे. मी सांगितलेलं नाही. मग राहिलं कोण?

नियम तुला नव्याने सांगायला नको. कंपनीने वसाहत विकत घेतली आणि पत्रकं वाटली, तेव्हा तू इथेच होतीस. जी जनावरं आज आहेत ती मरेपर्यंत राहतील, त्यानंतर नवीन आणायचं नाही. व्हर्नाने दारोदार फिरून फोटो काढले, तेव्हा बोलाशाच्या गळ्यात रिबीन तूच बांधली होतीस. घर आपलं असलं तरी घराखालची जमीन त्यांची. आई म्हणायची, आपण भिंतींचे मालक, चाकांचेही मालक, फक्त चाकं टेकतात तिथले पाहुणे.

तुला सगळं कळलं असणारच. समोरचा हार्लन तुला दर नाताळला कार्ड पाठवतो, मला माहीत आहे. तो माझ्या ओट्याकडे तोंड करूनच बसतो दिवसभर. त्याने लिहिलं असेल की एक्केचाळीस नंबरवरचं कुत्रं हल्ली फार वेगाने पळतं. आणि तू डागाचं सांगितलं असशील. दोघांनी मिळून.

तसं नसेल तर नाही म्हणून कळव. पण शपथेवर.

फिलोमेना


१८ नोव्हेंबर

एर्मलिंडा,

तुझं पोस्टकार्ड आलं. समोर रीनोच्या डोंगरांवरचा बर्फ, मागे तुझं तेच तिरपं अक्षर, ज्यासाठी शाळेत सिस्टर बेनेडिक्ता तुझ्या बोटांवर पट्टी मारायच्या. हो नाही, नाही नाही. फक्त, 'बोलाशा कधी गेली?'

मी ते टेबलावर ठेवलं, मग उलटं ठेवलं, मग डोंगरांवर कपबशी ठेवली.

पहिल्यांदा मला वाटलं, हे नाटक आहे. तुला नाटकं येतात. पवित्र आत्म्याच्या सणात तू राणी झालीस त्या वर्षी मिरवणुकीभर चेहऱ्यावर अशी काही शांती होती, की बायका डोळे पुसत होत्या. आणि मखमली झग्याचा तो घोळ धरून मागून चालणाऱ्या मला तेवढं माहीत होतं, की नवे बूट चावतात म्हणून तू दातांतल्या दातांत मला शिव्या घालते आहेस. तेव्हा मी विचार केला, ठाऊक नाही असं दाखवायचं तर असंच विचारशील तू.

मग रात्रीचं जेवण करताना कार्ड पुन्हा हातात घेतलं. 'बोलाशा'च्या आधी तू 'आपली' लिहिलं आहेस आणि मग खोडलं आहेस. खाली दिसतंय ते. नाटकात कुणी अशी खाडाखोड करत नाही.

तेव्हा सांगते. मार्चमध्ये गेली. हीटरपाशी, झोपेत, आईच्या जुन्या सपातेवर डोकं ठेवून. सकाळी मी कॉफी केली, पावाचा तुकडा बुडवला, तिला हाक मारली. ती चौदा वर्षांची होती, तू धरून चालली असशील की अजून आहे. मी तुला लिहायला हवं होतं, असं तू म्हणशील. मी कागद काढला होता. पण तू गेल्या सहा वर्षांत माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, तिच्याबद्दलही नाही. ती गेली असं कळवलं तर तुझ्यामाझ्यात विचारण्यासारखं काहीच उरलं नसतं. कुठे ठेवली ते मात्र विचारू नकोस.

आणि ती तुझ्यामागे आली नाही यात माझा हात होता, हे तू अजून धरून आहेस हेही माहीत आहे. तू लग्न करून निघालीस त्या दिवशी ड्वेनचा ट्रक फाटकापर्यंत गेला आणि तिने खिडकीतून उडी टाकली. मी तिला बोलावलं नाही. मी फक्त ओट्यावर उभी होते. हातात सॉसेजची कढई होती, कारण न्याहारीची वेळ होती. न्याहारीच्या वेळी माणसाच्या हातात कढई असते. तू ट्रकमधून ओरडलीस, "मेना, तू हे मुद्दाम केलंस!" आणि ड्वेनने गाडी पुढे काढली. बासष्टाव्या वर्षी नवरी झालेल्या बाईला थांबवायला कुणाला जमणार होतं?

नवीन मला मे महिन्यात मिळाली. बदामाच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यावर लोक कुत्री सोडून जातात, तसंच कुणी सोडलेली. तोच तपकिरी रंग, तीच पांढरी छाती. कान थोडे मोठे. मी काही कुत्रं शोधायला गेले नव्हते, पडलेले बदाम वेचायला गेले होते. (मेमध्ये बदाम पडत नाहीत असं तू म्हणशील. फिरायला गेले होते, बस.)

मग काय, तिला बोलाशा करायचं होतं. बोलाशाचा जुना पट्टा घातला. फक्त धुक्यात नाहीतर उन्हं कलल्यावर बाहेर नेते. बाहेर जाण्याआधी तोंडावर आणि भुवयांवर टाल्कम पावडर लावते, म्हणजे म्हातारी दिसते. तिला ते आवडत नाही, शिंकते. हार्लनसमोरून जाताना मी दोरी आखडती घेते आणि मोठ्याने म्हणते, "हळू गं बाई, गुडघे दुखतात ना तुझे!" घरात मात्र मी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारते. कोणतं ते तुला कशाला.

तू म्हणशील, नन्सच्या हाताखाली शिकलेली बाई आणि हे उद्योग. मी त्यावर विचार केला आहे. सिस्टर बेनेडिक्तांनी तरी काय सांगितलं होतं? दुकानदाराशी खोटं बोललात तर एकदा कबूल करा. पाद्र्याशी खोटं बोललात तर ते दोनदा मोजलं जातं. भाडं गोळा करणाऱ्या कंपनीचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

आता हार्लनबद्दल. काल तो डाळिंबं घेऊन आला, पिशवीभर. सहा वर्षांत त्याने मला एक लिंबू दिलेलं नाही.

"शेजारीणबाई, म्हातारी कशी आहे तुमची?"

"बरी आहे. तुमचा जनरल कसा आहे?" त्याचं मांजर. तू इथे होतीस तेव्हाच ते म्हातारं होतं.

"जनरल ठणठणीत. दूध पितो, पहारा देतो." मग खिशात हात घालून म्हणाला, "जनावरं किती जगतात हो या वसाहतीत! हवा चांगली असणार."

आणि हसला. हे हसणं कसलं, सांग. मी डाळिंबं घेतली, पण सोलताना प्रत्येकात आधी सुरी घालून बघितलं. काय बघत होते ते मलाही माहीत नाही.

तुझ्यावरचा संशय मी अर्धा मागे घेते. अर्धा ठेवते, कारण डागाचं कोडं सुटलेलं नाही.

फिलोमेना


१ डिसेंबर

एर्मलिंडा,

अर्धा ठेवला ते बरं केलं.

आज नोटीस लागली. दारावर चिकटपट्टीने, सगळ्यांना दिसेल अशी. नोंद नसलेलं जनावर महिनाअखेर वसाहतीबाहेर काढा, नाहीतर जागा खाली करा. अकरा तारखेला क्लबघरात मालकांचा माणूस ऐकून घेणार, मग निकाल.

मी कोट घालून तशीच ऑफिसात गेले. व्हर्ना चष्मा पुसत बसली होती.

"जागा खाली करा म्हणजे काय करायचं मी? घर डोक्यावर घेऊन जाऊ?"

"तसं लिहायची पद्धत आहे, मेना."

"या घराला चाकं आहेत ती नावाला. तुम्हाला माहीत आहे, एवढं जुनं घर दुसरी कुठलीही वसाहत घेत नाही. उचललं तर मोडेल. आई त्यात वारली."

"मला माहीत आहे."

"मग कुणी सांगितलं तुम्हाला, ते तरी सांगा. तेवढा माझा हक्क आहे."

ती म्हणाली, "तुमच्या बहिणीचा फोन आला होता."

लिंडाचा? मी विचारलं. हो, लिंडाचा. रीनोहून. बराच वेळ बोलली. तेवढ्यात पाइप फुटल्याची ओरड घेऊन कुणीतरी आत आलं आणि व्हर्ना उठून गेली. मी आणखी काही विचारायला थांबले नाही. काय विचारायचं राहिलं होतं?

तर तू पोस्टकार्डावर माझ्याशी रडलीस आणि फोनवर त्यांच्याशी बोललीस. मी तुला पावडरीचं सांगितलं. बदामबागेचं सांगितलं. मार्चमध्ये गेली हे सांगितलं. तुझ्याशिवाय कुणाला, कुणालाच मी हे सांगितलं नव्हतं. आणि दोन आठवड्यांच्या आत दारावर कागद.

एक कुत्री तुझ्या ट्रकमधून उतरली म्हणून दुसरी माझ्या घरातून काढायची, असा हिशेब आहे का हा? मी त्यांच्यापुढे ती बोलाशाच आहे म्हणून शपथ घेईन. बायबलवर हात ठेवून घेईन. आणि नाहीच जमलं तर ती जाईल तिथे मी जाईन, घर राहू दे इथेच, उंदरांना.

आईच्या शेवटच्या दिवसांत ती तुला हाक मारायची आणि मी 'ओ' द्यायची, कारण तू दुकानात गेलेली असायचीस. तिला फरक कळायचा नाही. मला वाटायचं, खरंच नसेल फरक. आहे.

हे पत्र मी वाचून बघणार नाही. टाकते आहे.

फि.


१२ डिसेंबर

लिंडा,

मागचं पत्र तू फाडलं असशील तर बरं. नसशील तर हे आधी वाच आणि मग ते फाड.

काल क्लबघर भरलं होतं. नोटिसा मला एकटीलाच लागल्या नव्हत्या, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी आपल्याच दाराकडे बघत बसले होते ना. हार्लन होता, त्याच्या मांडीवर टोपली, टोपलीत जनरल. तेवीस नंबरची पोपटवाली होती. सगळे ठेवणीतले कपडे घालून, एकमेकांकडे न बघता. मी माझ्या कुत्रीला पट्टा घालून नेलं होतं. पावडर लावली होती, जरा जास्तच.

मालकांचा माणूस म्हणजे कर्टिस नावाचा एक तरुण, इस्त्रीचा शर्ट, धुक्यात गाडी हळू चालवावी लागली म्हणून आधीच वैतागलेला. टेबलावर जुन्या फोटोंची चळत. त्याने बोलाशाचा फोटो उचलला, तुझ्या रिबिनीचा, आणि हिच्याकडे बघितलं.

"ही चौदा वर्षांची आहे?"

मी उभी राहिले. शपथेचे शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात ही शिंकली. पावडरीचा एवढा ढग उडाला, की पुढच्या रांगेतल्या पोपटाला ठसका लागला.

कुणी हसलं नाही. त्याची मला फार लाज वाटली, हसले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा व्हर्ना बोलली. ती त्याच्याच बाजूला, टेबलामागे बसली होती, कंपनीचा पगार घेणारी बाई. म्हणाली, "साहेब, फोटो ठेवा बाजूला. मला एक सांगा. या लोकांची घरं यांच्या मालकीची आहेत. जागा भाड्याची आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग या राज्यात असा कायदा आहे की अशा माणसाला निदान एक पाळीव जनावर ठेवायला वसाहतीने मनाई करायची नाही. पट्टा बांधा, घाण उचला, असे वाजवी नियम करता येतील. पण ठेवूच नका म्हणता येत नाही. हे मला एका बाईंनी रीनोहून फोन करून सांगितलं. तीस वर्षं वकिलाकडे टायपिंग केलेली बाई आहे. मला खरं वाटलं नाही म्हणून मी चौकशी केली. खरं आहे."

कर्टिस म्हणाला, "पण पत्रक..."

"पत्रक आपलं आहे, कायदा त्यांचा आहे. बाहेर जाऊन तुमच्या वकिलाला विचारा ना. थंडी आहे, कोट घाला."

तो गेला. काचेतून दिसत होता, धुक्यात येरझाऱ्या घालत, कानाला फोन. लिंडा, मी तिथे उभी होते, हातात पट्टा, आणि माझ्या डोक्यात फक्त माझंच मागचं पत्र होतं, एक एक ओळ. ते तेव्हा कुठल्या पोस्टात असेल, अजून परत मिळेल का, असले वेडे विचार.

तो परत आला. एक जनावर ठेवता येईल, म्हणाला. नव्याने नोंद करावी लागेल. नोटिसा मागे.

आणि हार्लन उठून ओरडला, "म्हणजे पाच वर्षं मी या मांजरीला उगाच जनरल म्हणतोय?"

मग जे हसणं सुटलं! पोपटवालीने कबूल केलं की हा तिसरा. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, त्यांचं कासव तेवढं अस्सल आहे. हार्लनने टोपली माझ्यासमोर आणली. "शेजारीणबाई, ही रोझी. तुमची बाहेर निघाली की रोज बघायचो मी. म्हणायचो, वा, पावडर! मला नाही सुचलं." डाळिंबं त्यासाठी होती. मी त्यांत सुरी घालून बघत होते.

व्हर्नाने नोंदणीचे कागद वाटायला घेतले. माझी पाळी आली. मी हळूच विचारलं, "पण डाग? जिभेचं तुम्हाला कसं कळलं?"

ती म्हणाली, "दर महिन्याला भाडं द्यायला तिला घेऊन यायचात ना? बिस्किट कोण द्यायचं? तिने माझा हात इतकी वर्षं चाटला, मला जीभ माहीत नसेल? मी तुमच्या दारात आले ती तुम्हाला कळावं म्हणून, की मला कळलंय. तो माणूस यायच्या आत काहीतरी करा म्हणून. तुम्ही मला सांगता, ती झोपली आहे."

"पण कळलं कशावरून? मी तर कुणाला..."

"बोला, नाव काय लिहू?"

"बोलाशा."

"ती गेली, मेना. हिचं नाव."

ती पेन धरून. मागे रांग.

"बरं, मीच लिहिते," ती म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये ऐकलं आहे मी."

आता तुला ऑक्टोबरचं सांगायला हवं. संत फ्रान्सिसचा दिवस. आपल्या चर्चच्या पार्किंगमध्ये जनावरांना आशीर्वाद देतात, तू दरवर्षी बोलाशाला न्यायचीस. मी विचार केला, हिला का नसावा? बागेत टाकलेलं जनावर, हिलाच जास्त गरज. तिथे ही भुंकाभुंक, त्यात बँड, म्हणून मी कानातली ऐकायची यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. फादर मासेडो आले, पाणी शिंपडलं, वाकून विचारलं, ओठांवरून मला कळलं, नाव काय. आणि मी पाद्र्याशी खोटं बोलू शकले नाही. साठ वर्षांपूर्वीची ती सिस्टर बेनेडिक्ता माझ्या मागे पट्टी घेऊन उभी होती. मी त्यांच्या कानात खरं सांगितलं. अगदी कुजबुजत.

फादरच्या छातीवर माईक लावलेला होता. मला ते काळं बटण वाटलं होतं. त्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारून आशीर्वाद दिला, आख्ख्या पार्किंगने ऐकला. लोक हसले. मला वाटलं, पलीकडच्या बोकडाने काही केलं असेल. व्हर्ना तिथेच होती, भाचीचा ससा घेऊन. म्हणाली, "वरून पाण्याने हिचं सगळं म्हातारपण ओघळून खाली आलं, तेही तुम्हाला दिसलं नाही." म्हणजे ऑक्टोबरपासून वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना, मला सोडून. कुणी एक शब्द बाहेर काढला नाही. आणि मी प्रत्येकाच्या खिडकीकडे बघत पडदे ओढत होते.

सांगणारी मीच होते, लिंडा. माईकवर.

नाव तुला एव्हाना कळलं असेल. तुझं आहे.

रागावण्याआधी ऐक. त्या संध्याकाळी बागेत ती झाडांच्या रांगेआड उभी होती, जवळ येईना. मी बोलाशा म्हणून बघितलं. सगळी नावं म्हणून बघितली, जिथून आपण इकडे आलो त्या बेटावरच्या गाईंचीसुद्धा. अंधार व्हायला लागला. मी दमले, आणि दमल्यावर माझ्या तोंडून जी हाक आपसूक निघते ती निघाली. लहानपणापासून मी दारात उभी राहून जी मारत आले ती. जेवायला चल, पाऊस आला, आई बोलावते आहे, या सगळ्यांच्या आधीची. ती आली. सरळ धावत आली आणि माझ्या पायांवर बसली. मग मी दुसरं नाव कसं ठेवणार?

फोन तू व्हर्नाला केलास, मला नाही. त्याबद्दल मी काही बोलत नाही. माझा नंबर तोच आहे, भिंतीवरचा.

आता कागदावर लिहिलं आहे: एक्केचाळीस नंबर, लिंडा, तपकिरी, मादी. खाली माझी सही, कर्टिसचा शिक्का. मी काल रात्री तिचं तोंड कोमट पाण्याने धुतलं आणि पावडरीचा डबा टाकून दिला. आज दुपारी आम्ही ऊन असताना फिरायला गेलो. ती सगळा रस्ता पळत होती, मागे माझी फरफट. हार्लनने खुर्चीतून सलाम ठोकला.

ईस्टरला ये. ड्वेनलाही आण, मी त्याच्याशी नीट बोलेन. गोड पाव करेन, आईचा, मधे अंडं घातलेला. मी ओट्यावरून हाक मारली की दोघीही वळून बघाल, ते मला बघायचं आहे. कढई हातात असेल, न्याहारीची वेळ असेल तर.

राहिलं एक. तू विचारलं नाहीस, मी विचारू नकोस म्हटलं होतं म्हणून. भाड्याच्या जागेत जनावर पुरायला सक्त मनाई आहे, तो नियम अजून आहे, आणि तो मोडला तर कुठला कायदा वाचवणार नाही असं मला वाटतं. आईच्या खोलीखाली, घराभोवतीच्या पत्र्याच्या झालरीचा तिसरा तुकडा सुटा होतो. आत रांगत गेलं की डाव्या चाकापाशी. सपात तिच्याबरोबर दिली आहे, आणि तुझी रिबीन. तिथे पाणी जात नाही. वरून मी चालते तेव्हा तिला पावलं ऐकू येत असतील. आलीस की टॉर्च देईन. गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी आण, खडे फार आहेत.

हे आता फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. ऑफिसात कळलं, तर या खेपेला मी दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही.

तुझी,
मेना